मास्टर सिलिंडर (मोटारीच्या ब्रेकचा)

ब्रेकच्या पेडलवर पडलेला पायाचा जोर द्रवाच्या दाबात बदलून चारही चाकांकडे पाठवणारा पंप. बॉनेट उघडले की चालकाच्या बाजूला, इंजिनामागच्या पत्र्याला लागून, पायाचा जोर वाढवणारा मोठा काळा बूस्टर दिसतो. त्याच्या तोंडाशी दोन नटांवर बसलेली वीतभर नळी आणि तिच्या डोक्यावरची ब्रेक ऑइलची टाकी म्हणजे हा पंप. आत एकापुढे एक असे दोन दट्टे आणि त्यांवर रबरी वायसर असतात. दोन दट्टे दोन स्वतंत्र मार्गांना दाब देतात, म्हणून एक पाइप फुटला तरी निम्मे ब्रेक उरतात. जुन्या अँबॅसेडर आणि जीपगाड्यांत एकच दट्ट्या असे; त्याचे रबर गेले की चारही चाके एकदम मोकळी पडत. द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक चारही चाकांना देणारी पहिली विक्रीची मोटार म्हणून अमेरिकेतल्या १९२१ च्या ड्युसेनबर्गचे नाव घेतले जाते.

सपाट मुलखात या पंपाचा दोष लपून राहतो. एरंडोलचेच पाहा: ते जळगाव–धुळे रस्त्यावर, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे. इथला मुलूख बहुतेक सपाट. गाडी तासन्‌तास धावते, पण ब्रेकवर पाय क्वचितच फार वेळ राहतो. त्यामुळे झिजलेला मास्टर सिलिंडर महिनोन्‌महिने निभावून नेतो. तीच गाडी कासोदा, भडगाव, चाळीसगाव करत कन्नडच्या घाटात गेली की चित्र पालटते. म्हणून हा दोष घाटात नव्हे, घरासमोर उभ्या गाडीत शोधायचा असतो.

रबराची कड झिजली की दाबलेला द्रव तिच्या बाजूने मागे निसटतो. गंमत म्हणजे जोरात लाथ मारल्यासारखा ब्रेक दाबला तर तोच दाब कड नळीच्या भिंतीला चिकटवतो आणि ब्रेक ठीक वाटतो. हलक्या, स्थिर पायाखाली मात्र पेडल हळूहळू खाली बसत जाते. सिग्नलला किंवा टोलनाक्याच्या रांगेत हे प्रथम जाणवते. तपासणीही तशीच करावी: इंजिन चालू ठेवून अर्धा मिनिट पेडल मध्यम जोराने दाबून धरायचे. ते सरकत राहिले, टाकीतली पातळी उतरलेली नसली आणि चाके, पाइप, होज सगळे कोरडे असले, तर संशय मास्टर सिलिंडरवरच. पातळी उतरते पण जमिनीवर थेंब नाही, अशा वेळी सिलिंडर बूस्टरपासून थोडा सोडवून मागचे तोंड पाहावे. मागचे वायसर गेले असेल तर द्रव बूस्टरच्या पोटात साठलेला सापडतो. खात्री हवी असेल तर बाहेर जाणारी तोंडे बुचांनी बंद करून पेडल दाबतात. तरीही ते खाली गेले, तर दोष सिलिंडरचा. दगडासारखे टणक राहिले, तर हवा किंवा गळती पुढे कुठेतरी आहे.

पेडल नुसते जड झाले तर आधी बूस्टर पाहावा. दोन-तीनदा मारल्यावर ते वर येत असेल, तर पाइपांत हवा असते किंवा मागच्या ड्रममधले लायनर सैल झालेले असतात.

घाटात फसवणारा दुसरा दोष द्रवाचा. ब्रेक ऑइल म्हणतात तरी ते खनिज तेल नव्हे. ते ग्लायकॉलवर आधारलेले असते आणि हवेतला ओलावा शोषते. ताजे डॉट ३ दर्जाचे ऑइल साधारण २०५ अंश सेल्सिअसला उकळते, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. उतारावर तापलेल्या चाकांपाशी द्रव उकळून वाफ झाली की पेडल तळाला जाते, आणि गाडी थंड झाल्यावर परत येते. मास्टर सिलिंडरचा दोष असा थंडाव्याने बरा होत नाही. जळगाव-धुळ्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यापूर्वी दोन वर्षांचा जुना द्रव बदलून घ्यावा, तो यासाठीच.

गॅरेजमध्ये स्वस्त उपाय म्हणून अनेकदा नुसते किट, म्हणजे नवी रबरे टाकतात. नळीच्या आत गंज किंवा चरा असेल तर नवे रबर लवकरच कापले जाते. अशा वेळी पूर्ण सिलिंडर बदलणेच शहाणपणाचे. सर्वांत घातक सवय म्हणजे हे भाग रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुणे. त्याने रबर फुगते, दट्टे अडकतात आणि चाके ब्रेक धरून बसतात. धुवायचे तर ताज्या ब्रेक ऑइलनेच. सुटे भाग मिळवणे कठीण नाही: चेन्नईच्या ब्रेक्स इंडियाचा टीव्हीएस गर्लिंग हा जुना ब्रँड आहे, आणि पुढे बॉश चॅसिस सिस्टिम्स झालेल्या कल्याणी ब्रेक्सचा एक कारखाना जळगावातच होता.

बदलताना टाकीतला द्रव सिरिंजने काढून पाइपचे नट खाचेच्या रिंग पान्याने सोडवतात. साध्या पान्याने त्यांच्या कडा गोल होतात. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग उठतो. नवा सिलिंडर गाडीत चढवण्याआधी शिकंज्यात आडवा धरावा, तोंडांना लावलेल्या नळ्या परत टाकीत बुडवाव्यात आणि दट्ट्या बोथट दांड्याने सावकाश दाबत राहावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे लागते. ही पायरी गाळली तर मागाहून चाकांची हवा कितीही काढा, पेडल बहुधा स्पंजासारखेच राहते.

मग चाकांची हवा काढायची. क्रम गाडीच्या पुस्तिकेतला. ती नसेल तर बहुधा सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निप्पल उघडून बंद करायचे आणि बंद झाल्याचे सांगितल्यावरच पहिल्याने पाय उचलायचा. एबीएस असलेल्या काही गाड्यांत हे काम स्कॅनर लावूनच पुरे होते. शेवटी मोकळ्या जागेत, आधी चालण्याच्या वेगाने, ब्रेक तपासून मगच गाडी महामार्गावर काढतात.