नैराश्यावरील वनौषधी व झोप : भिवंडी परिसर

मन खचणे, कशातच रस न उरणे, थकवा, आपणच चुकलो असे सतत वाटणे आणि झोप बिघडणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, तर वैद्यक त्या अवस्थेला नैराश्य किंवा अवसाद म्हणते. त्यावर घेतल्या जाणाऱ्या वनस्पतिज औषधांचा झोपेवर काय परिणाम होतो, हा या नोंदीचा विषय. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागाचे शहर. येथे आयुर्वेद, युनानी आणि घरचा बटवा या तिन्ही परंपरा एकाच गल्लीत नांदतात आणि शहराचा मोठा भाग रात्री जागा असतो. त्यामुळे या प्रश्नाला येथे विशेष महत्त्व आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५–१६) देशातील प्रौढांपैकी साधारण २० जणांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठलेले असते. पण ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत येणारा माणूस विरळा. मराठी घरातली बाई ‘कशात मन लागत नाही’ म्हणते, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कारागीर ‘घबराहट’ म्हणतो, आणि दोघांच्याही तोंडी शेवटी एकच तक्रार येते : झोप उडाली. औषध मागितले जाते ते झोपेचे. नैराश्य त्या तक्रारीमागे झाकलेले राहते.

भिवंडीतील अनेक कारखाने बारा बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. साध्या मागावर धोटा आदळण्याचा आवाज बहुधा ९० डेसिबलच्या वर असतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कानाशी तोंड नेऊन बोलावे लागते. रातपाळी संपवून कारागीर सकाळी खोलीवर येतो, बिशीत, म्हणजे कारागिरांच्या खाणावळीत, जेवतो आणि पत्र्याखाली, उजेडात, खालच्या कारखान्याची खडखड ऐकत झोपू पाहतो. अनेकदा एकच जागा दोघे आळीपाळीने वापरतात : एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची उलगडते. शरीराचे आतले घड्याळ उजेडावर चालते. पाळी दर पंधरवड्याला बदलत राहिली, तर ते घड्याळ कधीच जुळत नाही. दीर्घकाळ बिघडलेली झोप नैराश्याला वाट करून देते आणि नैराश्य झोप आणखी बिघडवते. अशा माणसाला कोणतीही मुळी देताना आधी विचारावे लागते, की तो झोपतो कधी आणि कुठे.

नैराश्यातली झोपही एकसारखी नसते. काहींना अंथरुणावर पडूनही तासन्‌तास डोळा लागत नाही. काहींना पहाटे तीन-चारलाच जाग येते आणि तीच वेळ सर्वांत जड जाते. काही जण दहा-बारा तास झोपूनही ताजे होत नाहीत. या तिसऱ्या प्रकारात झोप आणणारी वनस्पती उपयोगाची नाही, उलट अपायकारक ठरू शकते. झोप लावणे आणि नैराश्य उतरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकच औषध दोन्ही करील अशी समजूत रुग्णाला महागात पडते.

जुन्या ग्रंथकारांनी या दोहोंचे नाते ओळखले होते. चरकसंहितेत वाताच्या ८० विकारांची यादी आहे. तीत विषाद आणि अस्वप्न, म्हणजे झोप न येणे, ही दोन्ही नावे आहेत. आहार, झोप आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार म्हणून चरकाने सांगितले. निद्रानाशावर त्याने सुचवलेले उपाय मुख्यतः मुळ्यांचे नाहीत : अंगाला तेल लावणे, स्नान, भात, दही, दूध, मनाला सुख देणारा गंध आणि आवाज, चांगले अंथरूण. झोप आणणाऱ्या पदार्थांत त्याने म्हशीच्या दुधाला पहिला मान दिला. अष्टांगहृदयातील एक सूचना तर भिवंडीतल्या रातपाळीसाठीच लिहिली असावी असे वाटते : सवय नसताना रात्री जागरण घडले, तर जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही खाण्याआधी झोपावे. आज मात्र कारागीर भरपेट जेवून लगेच आडवा होतो आणि जळजळीने उठतो.

युनानी वैद्यकात नैराश्याशी सर्वांत जवळचा रोग मालीखोलिया. सौदा, म्हणजे काळे पित्त, हा दोष वाढल्याने तो होतो, अशी त्यामागची उपपत्ती. जगण्याच्या सहा अनिवार्य गोष्टींत युनानी हकीम झोप-जाग यांना स्वतंत्र स्थान देतात. भिवंडीत विणकरांची जुनी मुस्लिम वस्ती असल्याने ही परंपरा येथे परकी नाही. उस्तुखुद्दूस, गावजबान, बदाम आणि दुधी-भोपळ्याच्या बियांचे तेल ही नावे अत्ताराच्या दुकानात रोज उच्चारली जातात. उस्तुखुद्दूस म्हणजे लॅव्हेंडरच्या कुळातली एक जात. हकीम तिला मेंदूचा झाडू म्हणतात. जर्मनीत चिंतेवर वापरल्या जाणाऱ्या लॅव्हेंडर तेलाच्या कॅप्सूलवर बऱ्यापैकी चाचण्या झाल्या आहेत, पण ते तेल दुसऱ्या जातीचे आहे. त्या चाचण्यांचे श्रेय उस्तुखुद्दूसच्या काढ्याला देता येत नाही. निजण्यापूर्वी कोमट तेलाने डोके चोळण्याची प्रथा मात्र निर्धोक आहे आणि ती जपावी.

सर्पगंधा. या विषयाचा सर्वांत मोठा धडा याच झुडपाने दिला आणि तो मुंबईशी निगडित आहे. सर्पगंधेची मुळी (राउवोल्फिया सर्पेंटिना) बिहारच्या खेड्यापाड्यांत ‘पागल की दवा’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उन्माद व उच्च रक्तदाब यांवरील उपयोग शास्त्रीय नियतकालिकात मांडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला आणि ही मुळी जगभर पोहोचली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिनने माणसे शांत होत, झोपत. आणि काही काळाने डॉक्टरांना दिसू लागले, की ते घेणाऱ्यांपैकी काही जण खोल उदासीनतेत बुडत आहेत. कोणाला भयंकर स्वप्ने पडत आहेत. हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन यांचे साठे रिकामे करते, हे पुढे कळले. नैराश्याचा संबंध या रसायनांशी असावा, हा विचार ज्या निरीक्षणांतून रुजला त्यांत हे एक महत्त्वाचे. रेसर्पिन व नैराश्य यांच्या नात्याची ताकद किती, यावर नंतर वाद झाला. तरीही खबरदारी बदललेली नाही : ज्याचे मन आधीच खचले आहे त्याला झोपेसाठी सर्पगंधा देऊ नये. तिने लागलेली झोप हे बरे होण्याचे लक्षण धरू नये. गावाकडून पुडीत बांधून आणलेली मुळी सर्पगंधेची आहे का, हे घरच्यांनी आवर्जून विचारावे.

अश्वगंधा (विथेनिया सोम्निफेरा) हिला मराठीत आसगंध असेही म्हणतात. तिच्या लॅटिन नावाचा दुसरा शब्दच ‘झोप आणणारी’ असा आहे. या नोंदीतील वनस्पतींत झोपेच्या बाबतीत सर्वांत चांगला आधार हिला आहे. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये निद्रानाशाच्या ६० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. मुळीचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, दहा आठवडे दिला असता झोप लागायला कमी वेळ लागला आणि तिचा दर्जा सुधारला. २०२१ मध्ये पाच चाचण्यांतील ४०० जणांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. त्यात परिणाम लहान पण खरा दिसला. दिवसाला ६०० मिलिग्रॅम किंवा अधिक आणि आठ आठवड्यांहून कमी नाही, अशा वापरात तो अधिक स्पष्ट होता. म्हणजे आज रात्री घेतली आणि आज रात्रीच झोप लागली, असे हे औषध नव्हे. नैराश्यासाठी तिचा पुरावा याहून बराच तोकडा आहे. थायरॉइडचे संप्रेरक ती वाढवू शकते. यकृताला सूज आल्याच्या काही नोंदीही जगभरातून झाल्या आहेत. गर्भवतींनी ती टाळावी. पोषक पदार्थ म्हणून विकताना भारतीय नियमांनी मुळीचाच वापर मान्य केला आहे, पानांचा नाही.

यानंतरच्या वनस्पतींत गुणांपेक्षा नावांचा गोंधळ मोठा आहे आणि तो महाराष्ट्रात विशेष आहे. ब्राह्मी मागितली, तर कोकण-ठाण्याच्या बाजारात बहुधा मंडूकपर्णी, म्हणजे कारिवणा, हातात पडते. शास्त्रीय चाचण्यांतली ब्राह्मी ती नव्हे. पाणथळ जागी पसरणारी, जाड बारीक पानांची नीरब्राह्मी (बाकोपा मोनिएरी) ही ती. तिच्यावरील चाचण्या बहुतेक स्मरणशक्तीच्या आहेत. शंखपुष्पी या नावाखाली निदान तीन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यांत आपली गोकर्णही आहे. तगरीचा घोटाळा सर्वांत धोक्याचा. ग्रंथांतली तगर ही हिमालयातली व्हॅलेरियाना, झोपेसाठी वापरली जाणारी. मराठी माणसाला मात्र तगर म्हटले की अंगणातले पांढऱ्या फुलांचे, तोडले की चीक गळणारे झुडूप आठवते. देवाला फुले वाहावीत अशीच ती तगर. तिची मुळी उगाळून पोटात घेऊ नये.

जटामांसी व्हॅलेरियानाच्याच कुळातली. दुकानातल्या तिच्या मुळीला तपकिरी तंतूंची दाट जट असते आणि ओल्या मातीसारखा उग्र, किंचित आंबूस वास येतो. हा वास नसलेली मुळी जुनी किंवा बनावट समजावी. ती झोप आणते असा वैद्यांचा अनुभव आहे, मोठ्या चाचण्या नाहीत. हिमालयातून अतोनात उपटल्याने तिचे अस्तित्वच धोक्यात आले आहे, हेही घेणाऱ्याने जाणून असावे.

घरच्या बटव्यातले झोपेचे औषध म्हणजे जायफळ. सहाणेवर दुधात दोन वेढे उगाळायचे आणि तेवढेच चाटवायचे, हे बाळगुटीपासूनचे प्रमाण आजीच्या हाताला ठाऊक असते. मोठ्या माणसाने चिमूटभर दुधात घ्यायला हरकत नाही. पण वेढ्यांचे माप सोडून पूड चमच्याने घेतली, तर छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, भास होतात. खुरासानी ओवा हा त्याहून घातक : त्यात धोतऱ्यासारखी द्रव्ये आहेत आणि औषध कायद्याच्या विषारी आयुर्वेदिक द्रव्यांच्या यादीत त्याचे नाव आहे.

नैराश्यावर थेट पुरावा असलेल्या वनस्पती दोनच म्हणता येतील. केशरावर विशेषतः इराणमध्ये चाचण्या झाल्या. रोज ३० मिलिग्रॅम, सहा आठवडे, या मात्रेने सौम्य ते मध्यम नैराश्यात फरक पडला. भेसळ आणि किंमत पाहता कारागिराच्या घरात हा उपाय टिकणारा नाही. दुसरी युरोपातील सेंट जॉन्स वॉर्ट. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्ण होते. ती निष्क्रिय गोळीहून सरस आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीची ठरली. पण ती झोपेचे औषध नाही. काहींची झोप तिने उडते. शिवाय यकृतातील विकरे वाढवून ती गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी आणि एच. आय. व्ही. वरील औषधे यांचा जोर कमी करते. नैराश्याच्या इतर गोळ्यांबरोबर घेतल्यास जीवावर बेतू शकते.

‘झाडपाल्याचा अपाय नसतो’ ही समजूत के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ मध्येच खोडली. फिट्सवर फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांनी शंखपुष्पीचे सिरप सुरू केले आणि त्यांच्या फिट्स पुन्हा बळावल्या. तपासात सिरपमुळे रक्तातील फेनिटॉइन घटत असल्याचे आढळले. भिवंडीसाठी आणखी एक धोका सांगितलाच पाहिजे. झोप आणणारी कोणतीही मुळी दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतली, की गुंगी दुसऱ्या पाळीपर्यंत उरते. चालत्या पट्ट्यापाशी, बीम चढवताना, एक डुलकी बोट घेऊन जाते. बिनलेबलच्या पुडीने पहिल्याच रात्री गाढ झोप लागली, तर तीत वनस्पतीऐवजी गोळीची पूड मिसळली असण्याची शंका घ्यावी.

सौम्य त्रासात, इतर औषधे चालू नसताना, माहीतगार वैद्याच्या किंवा हकिमाच्या देखरेखीखाली अश्वगंधा आठ-दहा आठवडे घेऊन पाहणे योग्य आहे. तिच्यासोबत दिवसा झोपणाऱ्याने खिडकीला जाड कापड लावावे, कानात कापूस घालावा आणि पाळी निदान महिनाभर एकच मिळेल असे मुकादमाकडे मागावे. या तीन गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही. मरणाचे विचार येत असतील, खाणे सुटले असेल किंवा काम बंद पडले असेल, तर मुळीवर वेळ घालवू नये. डॉक्टरांनी दिलेली नैराश्याची गोळी मुळी सुरू केली म्हणून परस्पर थांबवू नये. १९०१ पासूनचे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय भिवंडीपासून फार लांब नाही. तेथे जाताना घरातली पुडी, मुळी, बाटली, जे काही घेतले जाते ते पिशवीत घालून न्यावे आणि न लाजता डॉक्टरांपुढे ठेवावे. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि रातपाळीच्या मधल्या सुट्टीतही तिथे मराठीत, हिंदीत बोलता येते.