एक नोंद, अनेक प्रश्न : अहवालाचे साधन कसे निवडले गेले?

१/ १८८८ साली अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने एक स्पर्धा घेतली. घरोघरी फिरून गोळा केलेल्या माहितीवरून तक्ते तयार करण्याचे सर्वांत चांगले साधन कोणते, एवढाच तिचा विषय होता. आज एखाद्या कार्यालयात पाच-सहा क्वेरींची उत्तरे एका अहवालात बसवायची असतात, तेव्हा हाच प्रश्न नव्या वेषात समोर येतो. त्या स्पर्धेपासून आजच्या डेटाबेसपर्यंतचा हा प्रवास.

२/ स्पर्धेची गरज का भासली? १८८० च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या ५ कोटी १ लाखाच्या घरात गेली होती. कारकून मोठमोठी पत्रके समोर ठेवून एकेक ओळ वाचत आणि मोजणीच्या कागदावर रेघा ओढत. पुरुष किती, हे मोजण्यासाठी एकदा वाचन. त्यांतले परदेशी जन्माचे किती, यासाठी दुसरे वाचन. त्यांतले शेतकरी किती, यासाठी तिसरे. सगळे खंड छापून होईपर्यंत दशक जवळजवळ सरले होते.

३/ अडचण मोजणीच्या वेगाची वाटत होती. तिचे मूळ मात्र अहवालाच्या स्वरूपात होते. सुटा प्रश्न सोपा असतो. वय, लिंग, जन्मस्थान आणि व्यवसाय यांची एकमेकांशी सांगड घालायची ठरली की प्रश्नांची संख्या गुणाकाराने वाढते. शिवाय हे सारे तक्ते एकाच समाजाचे चित्र असल्याने त्यांच्या बेरजा परस्परांशी जुळायला हव्यात. त्या जुळल्या नाहीत तर पुन्हा मूळ पत्रकांचे ढीग उपसणे आलेच.

४/ स्पर्धेत तिघे उतरले. विल्यम हंट यांची पद्धत चिठ्ठ्यांची होती: प्रत्येक माणसाची माहिती रंगीत शाईने वेगळ्या चिठ्ठीवर उतरवायची आणि चिठ्ठ्यांच्या गड्ड्या लावायच्या. चार्ल्स पिजिन यांनी त्यासाठी रंगीत पत्ते वापरले. तिसरे हर्मन हॉलरिथ. ते जनगणना कार्यालयाचेच माजी कर्मचारी. त्यांनी माहिती शाईने न लिहिता पुठ्ठ्याच्या कार्डावर छिद्रांच्या रूपाने नोंदवली.

५/ परीक्षा खऱ्या माहितीवर झाली. सेंट लुईस शहरातल्या चार विभागांची १८८० ची पत्रके तिघांनाही देण्यात आली. माहिती उतरवून घेण्यास हॉलरिथ यांना ७२.५ तास लागले. इतर दोघांना १००.५ आणि १४४.५ तास. खरा फरक पुढच्या टप्प्यात दिसला. तक्त्यांसाठी वर्गवारी करण्यास इतर दोघांना ४४.५ आणि ५५.५ तास लागले. हॉलरिथ यांचे काम अवघ्या ५.५ तासांत आटोपले.

६/ हे आकडे नीट पाहिले तर निवडीचे मर्म हाती लागते. नोंद करण्याच्या कामात हॉलरिथ यांची आघाडी मर्यादित होती. नोंदीला प्रश्न विचारण्याच्या कामात मात्र ती आठ ते दहा पटींची झाली. नोंद एकदाच करायची असते, प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे असतात. त्यामुळे जितके तक्ते अधिक, तितका या यंत्राचा लाभ मोठा.

७/ यंत्राची रचना अशी होती. कार्ड साच्यात ठेवून मूठ खाली ओढली की स्प्रिंगवरच्या सुया त्यावर टेकत. जिथे छिद्र असे तिथली सुई आरपार जाऊन खालच्या वाटीतल्या पाऱ्याला स्पर्श करी. विद्युतमंडल पूर्ण होई आणि समोरच्या तबकडीवरचा काटा एका अंकाने पुढे सरके. त्याच वेळी शेजारच्या पेटीतल्या एका कप्प्याचे झाकण उघडे आणि कारकून ते कार्ड त्यात टाकी. पुढच्या तक्त्याची वर्गवारी अशी आधीच्याच मोजणीत पार पडे.

८/ सर्वांत महत्त्वाचा भाग यंत्राच्या पोटात होता. रिले नावाच्या विद्युतचुंबकीय खटक्यांच्या साहाय्याने दोन-तीन अटी एकत्र जोडता येत. ‘पुरुष’ आणि ‘परदेशात जन्मलेला’ ही दोन्ही छिद्रे एकाच कार्डावर असतील, तरच अमुक काटा सरकावा, अशी तारांची जोडणी करता येई. आजच्या क्वेरीत दोन अटींमध्ये जे ‘अँड’ लिहिले जाते, त्याचे हे तांब्याच्या तारांतले रूप होते.

९/ १८९० च्या जनगणनेत या यंत्रांनी सुमारे ६ कोटी २६ लाख हा प्राथमिक आकडा काही आठवड्यांत दिला. अनेकांना याहून मोठ्या आकड्याची अपेक्षा असल्याने प्रथम नाराजीच झाली. पण आणखी एक गोष्ट घडली. १८८० च्या जनगणनेचा खर्च सुमारे ५८ लाख डॉलर होता. १८९० चा सुमारे १ कोटी १५ लाखांवर गेला. लोकसंख्या तर चतुर्थांशानेच वाढली होती. प्रश्न विचारणे सोपे झाले, तसे प्रश्न वाढले आणि अहवालाचे खंडही वाढले. चांगल्या साधनाने काम कमी होतेच असे नाही. कित्येकदा ते अपेक्षा वाढवते.

१०/ सर्वांनी हीच वाट धरली असे मात्र नाही. १९०१ च्या हिंदुस्थानच्या जनगणनेत बव्हेरियातून आलेली चिठ्ठी पद्धत स्वीकारली गेली. माणशी एक चिठ्ठी, धर्मानुसार चिठ्ठीचा रंग, लिंग व वैवाहिक स्थिती यांसाठी ठरलेली चिन्हे. मग खणांच्या मांडणीत वर्गवारी आणि मोजणी. सुमारे २९ कोटी ४० लाख लोकांची कोष्टके अशी हातांनी तयार झाली. साधन यंत्राचे नव्हते, पण तत्त्व तेच होते: पत्रक हे एकक मोडून माणूस हे एकक केले, की एकाच नोंदीची फेरमांडणी करून अनेक उत्तरे मिळवता येतात.

११/ यंत्र निवडताना एक बाजू दुर्लक्षित राहिली होती. हॉलरिथ यंत्रे विकत नसत, भाड्याने देत. १९०० च्या जनगणनेनंतर भाड्यावरून जनगणना कार्यालय आणि त्यांच्यात वाद पेटला आणि १९०५ मध्ये संबंध तुटले. कार्यालयाने स्वतःची यंत्रशाळा उभारली. तिथे जेम्स पॉवर्स या अभियंत्याने १९१० च्या जनगणनेसाठी नवी यंत्रे घडवली. हॉलरिथ यांची कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ पासून ती आयबीएम या नावाने ओळखली जाऊ लागली. साधनाच्या गुणांइतकीच त्याची मालकीही तपासावी लागते, हा धडा सरकारला मोजून घ्यावा लागला.

१२/ याहून मोठे नुकसान नंतर झाले. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली. १८९० ची बहुतेक मूळ पत्रके आगीने आणि ती विझवणाऱ्या पाण्याने खराब झाली. उरलेलीही पुढे नष्ट करण्यात आली. छापील तक्ते टिकले. परिणामी १८९० बद्दल त्या काळी जे प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरे आज उपलब्ध आहेत. जे सुचले नव्हते, ते आता विचारताच येत नाहीत. अहवाल हा नोंदींचा सारांश असतो, त्यांची जागा तो घेऊ शकत नाही.

१३/ तारांच्या जोडणीची मर्यादाही हीच होती: प्रश्न आधी ठरवावा लागे. १९५९ मध्ये आयबीएमने १४०१ या संगणकासोबत आरपीजी ही अहवाल तयार करणारी भाषा आणली. तारा जोडण्यात मुरलेल्या माणसांना संगणकावर आणणे हा तिचा हेतू होता. तरीही माहिती कोठे आणि कोणत्या क्रमाने साठवली आहे, हे ठाऊक असल्याशिवाय त्या काळात नवा प्रश्न विचारणे अवघडच राहिले.

१४/ ती गाठ १९७० मध्ये एडगर कॉड यांनी सोडवली. आयबीएममध्ये काम करत असताना त्यांनी मांडले, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि सामाईक मूल्यांच्या आधारे तक्ते हवे तेव्हा जोडावेत. ती साठवली कशी आहे याच्याशी विचारणाऱ्याला कर्तव्य नसावे. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी यासाठी भाषा रचली. तीच पुढे एसक्यूएल झाली. १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे मानक ठरले आणि प्रश्नाची भाषा कोण्या एका विक्रेत्याची राहिली नाही.

१५/ आज अनेक क्वेरी एकत्र करण्याच्या वाटा पुष्कळ आहेत: डेटाबेसमध्येच जोडणी करणे, अहवालाच्या सॉफ्टवेअरमध्ये करणे, किंवा प्रत्येक उत्तर एक्सेलमध्ये आणून हाताने जुळवणे. तिसरी वाट सर्वांत ओळखीची असते; पण प्रत्येक तक्ता वेगळ्या वेळी, वेगळ्या अटींनी काढलेला असला की बेरजा जुळत नाहीत आणि १८८० च्या कारकुनासारखे पुन्हा मुळाशी जावे लागते.

१६/ म्हणून १८८८ ची कसोटी आजही उपयोगी पडते. साधन निवडताना आपल्याच खऱ्या माहितीचा एक तुकडा घ्यावा आणि पहिल्या अहवालाला किती वेळ लागतो यापेक्षा दुसऱ्या, तिसऱ्या, न ठरवलेल्या अहवालाला किती लागतो ते मोजावे. जोडणी मुळाशी आणि एकदाच व्हावी. साधन बदलले तरी प्रश्न आपल्याच हाती राहावेत. आणि तक्ते छापून झाले म्हणून मूळ नोंदींची राखण सोडू नये. उद्याचा प्रश्न कोणता असेल, हे आजच्या अहवालाला ठाऊक नसते.