चिंध्या, चिंचोके आणि शांत मूल

मूल रडायला लागलं की घरातलं कुणीतरी हाताला येईल ती वस्तू उचलतं. किल्ल्यांचा जुडगा, वाटी-चमचा, नाहीतर रिकाम्या डबीत घातलेले चार दाणे. वस्तू हलते, आवाज होतो आणि मूल क्षणभर थांबून ऐकतं. ही युक्ती फार जुनी आहे. हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या उत्खननांत भाजलेल्या मातीचे पोकळ खुळखुळे सापडले आहेत. चार हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी कुणीतरी ओल्या मातीच्या पोटात खडे ठेवले, तोंड बंद केलं आणि ते भट्टीत भाजून मुलाच्या हातात दिलं. राजे कोण होते ते आपल्याला ठाऊक नाही. खुळखुळा मात्र राहिला.

आपल्याकडे पाळण्यावर रंगीत कापडी चिमण्यांचं चिमणाळं टांगत. बाळाची नजर त्या हलत्या चिमण्यांवर ठरे. अंगावर जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं असे. माझी नानी जुनी लुगडी आणि लुंग्या जोडून वाकळ शिवायची आणि उरलेल्या चिंध्या एका पोतडीत ठेवायची. त्यातला रेशमी काठाचा तुकडा दोन बोटांत चोळल्याशिवाय माझ्या धाकट्या भावाला झोप येत नसे. शेजारच्या घरात अंगाई म्हणत, आमच्याकडे लोरी. चिंधी दोन्ही घरांत तीच होती.

आज या वस्तूंना बाजारात ‘सेन्सरी टॉय’ म्हणतात. स्पर्श, आवाज, वजन, हालचाल यांतून मुलाला सावरायला मदत करणारी खेळणी. या विचाराला शास्त्राची मांडणी दिली ती अमेरिकेतल्या जीन एअर्स या व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंनी. त्यांचं महत्त्वाचं पुस्तक १९७२ साली आलं. काही मुलांना आवाज, स्पर्श, उजेड सोसत नाही, तर काहींना तो पुरेसाच वाटत नाही. ही मुलं हट्टी नसतात. त्यांच्या मेंदूला येणाऱ्या संवेदनांचा मेळ घालणं जड जातं, असं त्यांनी मांडलं.

मी कांजूरमार्गला राहतो. विक्रोळी आणि भांडुपच्या मधलं हे ठिकाण. एका बाजूला लालबहादूर शास्त्री मार्गाची वाहतूक, मधून लोकलची धडधड, चाळीतल्या खोल्यांतून कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्यांचा टीव्ही. मोठ्या माणसांचे कान याला सरावतात. आमच्या ओळखीत शिलाईकाम करणारी एक तरुण आई आहे. तिचा चार वर्षांचा मुलगा गाडीचा भोंगा वाजला की कान दाबून खाटेखाली शिरतो. कुणीतरी तिला परदेशी बनावटीच्या खेळण्यांची पेटी दाखवली. किंमत तिच्या खोलीच्या महिन्याच्या भाड्याएवढी. ती मला म्हणाली, “चाचा, कर्ज काढू का? नाही घेतली तर पोराचं नुकसान होईल का?”

तिच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. ही साधनं मुळात कुणासाठी जन्मली ते पाहिलं पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये इतार नावाचे डॉक्टर जंगलात सापडलेल्या, न बोलणाऱ्या एका मुलाला स्पर्श आणि आवाज यांच्या वाटेने शिकवू पाहत होते. पुढे सेगँ यांनी मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसाठी तशीच साधनं तयार केली. या दोघांचं लेखन मारिया माँटेसरी यांनी स्वतःच्या हाताने उतरवून काढलं आणि १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या कामकरी वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. तिथली मुलं डोळे बांधून मखमल, रेशीम, लोकर, सूत बोटांनी ओळखत. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या डब्या हलवून आवाजांच्या जोड्या लावत. आणि शांततेचा खेळ खेळत. सगळ्यांनी निश्चल बसायचं आणि दुरून कुजबुजत घेतलेलं आपलं नाव ऐकायचं. ती शांतता छडीच्या धाकाने आलेली नव्हती. मुलं ती स्वतः तयार करत होती.

म्हणजे ही साधनं जन्मली नाकारलेल्या मुलांसाठी आणि वाढली गरिबांच्या वस्तीत. नंतर ती गुळगुळीत लाकडाची, मोजून-मापून बनवलेली आणि महाग झाली. भारतात आली तेव्हा ती प्रामुख्याने शहरातल्या ऐपतीच्या मुलांना मिळाली.

ती पुन्हा गरिबाच्या अंगणात आणली ताराबाई मोडक यांनी. १९२६ साली त्यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. भावनगर आणि दादर इथे काम केल्यावर १९४५ साली त्या डहाणूजवळच्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. विकतची साधनं गावाला परवडणार नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या, मातीची भांडी यांचीच साधनं झाली. पुढे १९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. तिलाच ताराबाईंनी अंगणवाडी म्हटलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना हाच शब्द लाभला.

ताराबाईंनी परदेशी साधनाची स्वस्त नक्कल केली, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. मुलाच्या बोटांना खरखरीत आणि मऊ यांतला फरक कळायला हवा, हे तत्त्व त्यांनी उचललं. तो फरक लाकडाच्या पाटीत असतो तसा शिंपल्याच्या दोन बाजूंतही असतो. वारल्याच्या पोराला तर शिंपला आणि बी आधीपासूनच ओळखीची. ओळखीच्या वस्तूपाशी मूल लवकर निवतं.

म्हणून मी त्या आईला म्हटलं, कर्ज काढू नकोस, तुझ्या मशीनखालचं कातरण बघ. तिने तरट, मखमल, साडीचा काठ, सुती कापड यांचे तुकडे एका जाड पुठ्ठ्यावर शिवले. जुन्या जीनच्या पायाची पिशवी करून तीत ज्वारी भरली आणि दुहेरी टीप मारली. ती जड पिशवी मांडीवर घेऊन मुलगा बसतो. पाण्यात थोडं तेल आणि टिकल्या घालून तिने एक बाटली बंद केली. ती उलटी केली की टिकल्या हळूहळू खाली येतात. भोंगा वाजला की तो अजूनही दचकतो. पण खाटेखाली शिरण्याऐवजी आता बऱ्याचदा पिशवी मागतो.

दोन गोष्टी बजावून सांगतो. चिंचोके, मणी, दाणे सुटे ठेवू नका. तीन वर्षांखालचं मूल ते तोंडात, नाकात घालतं आणि जीव गुदमरतो. बाटलीचं झाकण पक्कं चिकटवा, पिशवीची शिवण रोज ओढून पाहा. वजनाची पिशवी मुलाला स्वतः बाजूला सारता आली पाहिजे, आणि झोपेत ती अंगावर नको. दुसरं, ही खेळणी औषध नव्हेत. मूल हाकेला वळत नसेल, बोलणं उशिरा येत असेल किंवा आवाजाने फार बिथरत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. स्वमग्नतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे. त्या मुलांना मदत मागण्याचा हक्क आहे आणि आईबापांनी त्यात लाज बाळगू नये.

आपल्या वस्तीतल्या शिंप्याकडे रोज पिशवीभर कातरण निघतं आणि कचऱ्यात जातं. जवळच्या अंगणवाडीतल्या ताईंना विचारा. आठवड्यातून एक दुपार चार आयांनी बसून ते शिवलं, तर बोर्डीतलं काम कांजूरमार्गच्या गल्लीतही चालू राहील. पेटी विकत घेण्याची ज्यांची ऐपत आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. पण ऐपत नाही म्हणून कुठल्याही आईने स्वतःला कमी लेखू नये, एवढंच सांगून थांबतो.