माथेरानचा शोध कोणी लावला?

माथेरानविषयीच्या बहुतेक माहितीपुस्तिकांचे पहिले वाक्य ठरलेले असते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने मे १८५० मध्ये माथेरानचा 'शोध' लावला. महाविद्यालयाची सहल तेथे न्यायची होती, तेव्हा वर्गात मीही हेच सांगितले. मागच्या बाकावरून एका ठाकूर विद्यार्थ्याने विचारले, "सर, आमची माणसं तेव्हा कुठं होती?" मी गप्प झालो. माझ्या घराण्यातला पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला माणूस. पण शिकता शिकता साहेबाच्या डोळ्यांनी पाहायलाही शिकलो होतो.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. ज्या डोंगराला आधीच मराठी नाव आहे त्याचा शोध कसा लागतो? त्याच्या अंगाखांद्यावर ठाकूर, कातकरी, धनगर राहत होते. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने त्या रानाला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले. कड्यांना लुइझा, अलेक्झांडर, गार्बट अशी नावे पडली. तळेसुद्धा शार्लोटचे झाले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली छोटी रेल्वे वर पोहोचली.

वर बंगले उठत होते त्याच काळात खाली काय चालले होते, हे मात्र पुस्तिकेत नसते. १८७८ च्या वनकायद्याने रान सरकारजमा होत गेले. खैराचा कात काढणे हा कातकऱ्यांचा धंदा, डहाळ्या जाळून राब भाजणे ही डोंगरउतारावरच्या शेतीची रीत. दोन्हींवर निर्बंध आले. ठाणे-कुलाब्यातील गाऱ्हाणी इतकी वाढली की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. रान गेलेल्या माणसाकडे विकायला उरतो तो खांदा. पालखी, खुर्ची, पुढे हातरिक्षा. माझा पणजा वतनाच्या नावाखाली साहेबांचे बाडबिस्तर डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पळत असे. त्याला वेठ म्हणत. येथे चार पैसे मिळत, म्हणून त्याला रोजगार म्हणायचे.

माथेरानमध्ये मोटारींना बंदी, आणि २००३ पासून सारा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील. शुद्ध हवेचे पाहुण्यांना केवढे कौतुक! त्या हवेचे मोल चढावर रिक्षा ओढणाऱ्याच्या छातीने भरले, हे कोणाच्या छायाचित्रात येत नाही. झाडे वाचली पाहिजेत, याविषयी माझे दुमत नाही. पण झाडाची कणव येणाऱ्याला रिक्षा ओढणारा दिसू नये?

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. अमृतसरच्या रिक्षाचालकांच्या खटल्यातील १९८० च्या निकालानंतर पंचेचाळीस वर्षांनीही ही प्रथा चालू असल्याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला. ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्याव्यात, उरलेल्या आदिवासी स्त्रिया व इतरांना द्याव्यात, असेही सांगितले. मी हा निकाल वर्गात मोठ्याने वाचला.

तरी एक काटा सलतोच. योजनेसाठी नमुना म्हणून दाखवले गेले ते गुजरातचे केवडिया. तेथे स्थानिक स्त्रिया ई-रिक्षा चालवतात, हे खरे. पण त्याच केवडिया परिसरात १९६० च्या दशकाच्या आरंभी धरणाच्या कामासाठी आदिवासींच्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि २०१८ मध्ये जगातला सर्वांत उंच पुतळा उभा राहिल्यावर पर्यटन आले. जमिनीची मालकीण रिक्षाची चालक झाली. बदल चांगला की वाईट, हे तिला कोणी विचारले? चाक हाती आले म्हणून रान परत आले असे होत नाही. वनहक्क कायदा २००६ सालचा आहे; माथेरानच्या उतारावरच्या वाड्यांनी आता रिक्षाबरोबर त्याचेही अर्ज मागावेत.

त्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी विषय घेतला आहे: माथेरानच्या कड्यांची आणि पाणवठ्यांची ठाकरी नावे. आजी सांगते, तो वहीत उतरवतो. गेल्या आठवड्यात मी एका नावाची वेलांटी दुरुस्त करायला गेलो. "राहू द्या सर," तो म्हणाला, "आजी असंच म्हणते."