टेकूची किंमत

गावात शाळेची स्लॅब टाकतात, तेव्हा आपण सारे वर पाहतो. सिमेंट किती, सळई किती, याचा हिशेब होतो. खाली उभ्या असलेल्या टेकूंकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. आणि पहिले काही दिवस छप्पर उभे असते ते त्यांच्याच जिवावर!

ओले काँक्रीट म्हणजे निव्वळ ओझे. एका घनमीटरचे वजन सुमारे २४०० किलो. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब खोलीवर बारा सेंटिमीटर जाडीची स्लॅब घातली, की सेंटरिंगवर जवळजवळ साडेतीन टन भार येतो. वरची माणसे आणि घमेली निराळीच. मऊ मातीत एक टेकू खचला, तर त्याचा भार शेजाऱ्यावर जातो. तोही वाकतो, आणि पाहता पाहता सारा सांगाडा खाली बसतो.

या अडचणीवर रत्नागिरीजवळच एक देखणा तोडगा निघाला आहे. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. रत्नागिरी ते निवसर या टप्प्यात पानवलची दरी आडवी आली. पूल हवा होता ४२४ मीटर लांब, ६४ मीटर उंच. एवढ्या खोल दरीत तळापासून टेकू लावायचे तरी कसे? अभियंत्यांनी ते लावलेच नाहीत! खांब उभे केले. पण वरचे अंग दरीच्या काठावर, पक्क्या जमिनीवरील साच्यात, तुकड्यातुकड्याने ओतले. तुकडा घट्ट झाला, की जॅकने खांबांवर पुढे सरकवायचा, आणि मागे पुढचा ओतायचा. जर्मन स्थापत्यतज्ज्ञ फ्रिट्झ लिओनहार्ट यांनी व्हेनेझुएलात १९६० नंतर वापरलेली ही युक्ती भारतात प्रथम इथे आली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचे उद्‌घाटन झाले.

पण युक्ती नवी म्हणून धोका संपत नाही. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर, काम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग गर्डर बसवणाऱ्या यंत्रासह कोसळला. अपुरे बांधकाम पुऱ्या बांधकामाहून नाजूक असते, हेच खरे.

तेव्हा गुरुजी, तुमच्या शाळेची स्लॅब पडेल तेव्हा एवढे पाहा. टेकूखाली फळी आहे ना? टेकू ओळंब्यात आहेत ना? एकमेकांना आडवे-तिरपे बांधले आहेत ना? आणि ते काढायची घाई करू देऊ नका. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यास किमान ७ दिवस, त्याहून मोठ्यास १४ दिवस, असे आय. एस. ४५६ ही सन २००० ची भारतीय संहिता सांगते. सिमेंट मिश्र असेल तर मुदत अभियंत्याला विचारून वाढवावी. आणि तोवर त्या टेकूंच्या रानात मुलांना लपंडाव खेळू देऊ नका.