प्रलयाचा कुंभ, मुंबईचा प्लेग आणि ‘झोंबिवली’

तंजावरहून कुंभकोणमला जाताना सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे एक छोटे स्थानक लागते. तेथून जवळच असलेल्या कुंभकोणमचे नाव एका प्रलयकथेशी जोडले गेले आहे. जग बुडणार हे जाणून ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजे आणि अमृत एका कुंभात भरून ठेवले. पुरावर तरंगत तो कुंभ याच भूमीवर टेकला, शिवाच्या बाणाने फुटला आणि सृष्टी पुन्हा सुरू झाली, अशी ती कथा. संकटापूर्वी काय राखून ठेवावे, हा प्रश्न जगबुडीच्या कथांत असा पूर्वापार दडलेला आहे.

आजची जगबुडी झॉम्बींच्या रूपाने येते. मे 2011 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ‘झॉम्बींचा हल्ला झाला तर काय कराल?’ अशा आशयाचा लेख प्रसिद्ध केला. यादी मात्र साधीच होती : पिण्याचे पाणी, टिकाऊ अन्न, औषधे, कागदपत्रे, प्रथमोपचाराचे साहित्य, कुटुंबाने एकत्र जमण्याचे ठिकाण. वादळ, भूकंप वा साथ, कशालाही हीच तयारी पुरते. लेखावर वाचकांची इतकी झुंबड उडाली की संकेतस्थळच कोलमडले.

त्याआधी, 2009 मध्ये, कॅनडातील काही गणितज्ञांनी झॉम्बींच्या साथीचे गणित मांडले होते. त्यांचा निष्कर्ष : विलगीकरणाने विनाश केवळ लांबतो, वाचायचे असेल तर त्वरित आणि वारंवार हल्ले करणे हाच मार्ग. निष्कर्ष गमतीचा वाटतो. पण या गणिताचे मूळ आपल्या अगदी जवळचे आहे.

1927 साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन स्कॉटिश शास्त्रज्ञांनी साथीच्या गणिताचा पायाभूत शोधनिबंध लिहिला. मॅकेंड्रिक यांनी पूर्वी हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत काम केले होते. आपले समीकरण पडताळण्यासाठी त्यांनी डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळातील मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंचे आकडे घेतले. साथ चढते, शिखर गाठते आणि सर्वांना गाठण्यापूर्वीच ओसरते, हे त्या वक्ररेषेने दाखवले. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या त्या आलेखातला प्रत्येक बिंदू म्हणजे मुंबईतील कोणाच्या तरी घरातले मरण होते.

दोन्ही समीकरणांतील एक फरक मला, भौतिकशास्त्राचा अभ्यासक म्हणून, फार महत्त्वाचा वाटतो. केरमॅक–मॅकेंड्रिकांच्या समीकरणात रुग्ण काळाच्या ओघात आपोआप त्या अवस्थेतून बाहेर पडतो : बरा होतो किंवा दगावतो. झॉम्बींच्या मूळ समीकरणात तो बाहेर पडतो तो केवळ माणसाच्या हातून नष्ट होऊन. म्हणजे ‘हल्ला करा’ हे उत्तर गृहीतकातच दडलेले असते. रुग्ण हा माणूस उरलेला नाही, असे एकदा मानले की गणितही तेच सांगू लागते.

हे गृहीतक प्रत्यक्षात आणले तर काय होते, हे पुण्याने 1897 मध्ये पाहिले. त्या वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. रँड यांच्या देखरेखीखाली गोरे सैनिक घराघरांत शिरून रुग्ण शोधू लागले. त्यामुळे लोक रुग्णालाच लपवू लागले. साथ रोखण्यासाठी अत्यावश्यक असलेला विश्वास संपला. 22 जून रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या.

त्याच वर्षी दुसरी उदाहरणेही घडली. जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत रुग्णांची शुश्रूषा करत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवरून दवाखान्यात आणले. त्यातूनच प्लेगची लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले.

1897 चाच कायदा 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत पुन्हा वापरला गेला. पाठोपाठ जानेवारी 2022 मध्ये आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ पडद्यावर आला. डोंबिवलीत घडणाऱ्या या चित्रपटात रोगाचे मूळ दूषित पाण्यात आहे आणि एका बाजूला उंच इमारती, दुसऱ्या बाजूला वस्ती आहे. पाणी कोणाला मिळते आणि फाटक कोणासाठी उघडते, हा आपत्तीतला खरा प्रश्न या विनोदी भयपटाने नेमका पकडला.

म्हणून घरात पाणी, औषधे, विजेरी आणि कागदपत्रांच्या प्रती जरूर ठेवाव्यात. पण त्याच यादीत आणखी एक ओळ असावी : आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत एकटे राहणारे वृद्ध कोण, नियमित औषधांवर कोण आहे, चालता न येणारे कोण. ही नावे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत?