बेलमची गुहा आणि आमची विहीर

गेल्या साली आम्ही आंध्र प्रदेशातील बेलमची गुहा पाहावयास गेलो होतो. पाण्याने चुनखडी झिजून झालेली ती दालने पाहून मी थक्क झाले. अगदी तळाशी पाताळगंगा वाहते.

वाटाड्याने सांगितले, १८८४ साली रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने गुहेची नोंद केली. पुढे शंभर वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९८२ ते १९८४ मध्ये जर्मन संशोधकांनी ती मोजली. लांबी ३२२९ मीटर भरली. आसपासचे लोक मात्र तिच्यात केर टाकीत! सफाई होऊन २००२ साली ती सर्वांस खुली झाली.

ऐकून मी खाली मान घातली. आमच्या वाड्यातल्या जुन्या विहिरीत मीही कैक वर्षे निर्माल्य टाकीत आले. भगिनींनो, आता टाकीत नाही.